औषधाने व्रत भंगत नाही

आश्विन शुद्ध प्रतिपदेचा सूर्य वर येण्यापूर्वीच आमच्या नेवाशात प्रवरेच्या घाटावर माताभगिनींची वर्दळ सुरू होते. कुणी घटासाठी माती नेते, कुणी पाण्याने भरलेला कलश कडेवर घेऊन लगबगीने घराकडे निघते. मोहिनीराजाच्या मंदिरातील घंटा वाजू लागते. तिकडे पाथर्डीच्या डोंगरवाटेवर मोहटादेवीचे भक्त अनवाणी चालू लागलेले असतात, राशीनला जगदंबेच्या दारी रांग लागते आणि बुऱ्हाणनगरात तुळजापूरला जाणाऱ्या पालखीची तयारी चाललेली असते. ज्या गावी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या गावचा मी एक सामान्य कीर्तनकार. गेली चाळीस वर्षे नवरात्रात नारदाच्या गादीवर उभा राहून देवीचे आख्यान लावीत आलो आहे. घटस्थापना, अखंड नंदादीप, दररोजची माळ आणि नऊ दिवसांचा उपवास यांचे माहात्म्य मी कितीदा सांगितले असेल, याची गणना नाही.

परंतु आज या पानावर मी आख्यान लावणार नाही. घटाच्या शेजारी, देवघराच्या कोनाड्यात, ज्या घरी औषधांचा एक डबाही असतो, त्या घराशी मला बोलावयाचे आहे. स्तनाचा कर्करोग शरीरात पसरला आहे, तो समूळ जाणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, आणि तरीही औषधांच्या बळावर जी गृहिणी संसार सांभाळीत आहे, देवाला फुले वाहत आहे, नातवंडांच्या वेण्या घालीत आहे, अशा माउलीच्या घरी नवरात्र आले म्हणजे एक अवघड प्रश्न उभा राहतो. गोळी जेवणानंतर घ्यावयाची आहे आणि जेवण तर व्रताने वर्ज्य केले आहे. मग कोणी कोणासाठी थांबावयाचे?

हा प्रश्न मी पोथीत वाचलेला नाही. तो माझ्याच घरी उभा राहिला आणि तेव्हा मी नापास झालो.

सातवी माळ

आमच्या कुटुंबाचा आजार कळला तेव्हा तो स्तनातून पाठीच्या मणक्यांपर्यंत पोहोचला होता. पहिली काही वर्षे एका औषधावर बरी गेली. पुढे त्याचा गुण येईनासा झाला आणि डॉक्टरांनी कॅपेसिटाबिन नावाच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी तीन, सायंकाळी तीन. दोन वेळांत सुमारे बारा तासांचे अंतर, आणि दोन्ही वेळा जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. चौदा दिवस गोळ्या, मग सात दिवस विश्रांती, आणि पुन्हा पहिल्यापासून. सूनबाईने हे सारे एका वहीत उतरवून घेतले होते.

त्या वर्षी घटस्थापना आली ती गोळ्यांच्या चवथ्या दिवशी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून नवरात्राचे नऊही दिवस ती नक्त करीत आली आहे. दिवसभर काही घ्यावयाचे नाही, सायंकाळी देवीला नैवेद्य दाखवून एकदाच फराळ करावयाचा. त्याही वर्षी तिने संकल्प केला. मी शेजारी बसून मंत्र म्हटले. गोळ्यांचे काय, हा प्रश्न माझ्या मनाला शिवलादेखील नाही. उलट एवढ्या आजारातही घरचे व्रत चालू आहे, असे गावातील मंडळींनी कौतुकाने म्हटले तेव्हा मला समाधानच वाटले. ते आज कबूल केले पाहिजे.

प्रतिपदेला आणि द्वितीयेला तिने सकाळच्या गोळ्या नुसत्या लिंबाच्या पाण्याबरोबर घेतल्या. दोन्ही दिवशी पोटात कळा येऊन उलट्या झाल्या. तृतीयेपासून तिने सकाळच्या गोळ्या घेणेच सोडले. सायंकाळच्या मात्र फराळानंतर नियमाने घेतल्या. कोणाला सांगितले नाही. सातव्या माळेच्या दिवशी दुपारी सूनबाई डबा आवरीत होती. वहीप्रमाणे जेवढ्या गोळ्या उरावयास हव्यात त्यापेक्षा पंधरा अधिक उरल्या होत्या. पाच सकाळच्या तीन-तीन. तिने चांदीच्या कागदाच्या त्या पट्ट्या माझ्यापुढे आणून ठेवल्या आणि काही न बोलता उभी राहिली.

मी घरात जाऊन विचारले, "सांगितले का नाही?" ती फुलांची माळ ओवीत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही रोज गादीवरून सांगता, घेतलेले व्रत मोडू नये म्हणून. मीच मोडलं असतं तर लोकांनी तुम्हाला काय म्हटलं असतं?"

त्या रात्री कीर्तन होते. मी उभा राहिलो, चिपळ्या वाजविल्या, आख्यानही पूर्ण केले. पण एक शब्दही माझ्या मनात उतरला नाही.

आठ गोष्टी

कीर्तनाहून परतल्यावर मी पोथ्या काढल्या. जे शोधावयाचे होते ते मला ठाऊक नव्हते असे नाही. विद्यार्थिदशेतच ते पाठ केले होते. महाभारताच्या उद्योगपर्वात विदुराने धृतराष्ट्राला केलेला जो उपदेश आहे, त्यात व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, होमाचे हविर्द्रव्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. धर्मशास्त्राच्या ग्रंथकारांनी हेच वचन व्रतांच्या प्रकरणात आधाराला घेतले आहे. नवरात्रात उपवास, एकभुक्त, नक्त किंवा अयाचित यांपैकी ज्याच्या शक्तीला जे पेलेल ते करावे, अशी मोकळीकही शास्त्रात आहे. मूळचे पैठणच्या घराण्यातील कमलाकरभट्टांनी १६१२ साली निर्णयसिंधू पूर्ण केला आणि पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० साली धर्मसिंधू. आपल्या घरोघरीच्या व्रतांचे निर्णय आजही याच दोन ग्रंथांवरून होतात. स्वतःला व्रत झेपत नसेल तर पती, पत्नी, पुत्र, बंधू, भगिनी, शिष्य किंवा पुरोहित यांनी प्रतिनिधी म्हणून ते चालवावे, हीही सोय धर्मशास्त्राने करून ठेवली आहे.

त्या आठ गोष्टींचा विचार करीत मी त्या रात्री बराच वेळ बसलो होतो. आजवर मी त्यांतील शेवटचा शब्द तेवढा वाचीत आलो होतो. औषध घेतल्याने व्रत मोडत नाही, एवढेच. पण गोळी रिकाम्या पोटी चालत नसेल तर नुसत्या त्या परवानगीचा उपयोग काय? त्या रात्री प्रथमच ध्यानात आले की औषध आणि औषधाबरोबर लागणारे अन्न, दोन्ही त्याच आठांत आहेत. कंद आहेत, फळे आहेत, दूध आहे. शास्त्रकारांनी आजारी माणसाच्या हाती नुसती मात्रा ठेवली नाही, तिच्याबरोबर घ्यावयाचा घासही ठेवला.

दुसऱ्या दिवशी अष्टमी होती. सकाळीच डॉक्टरांना दूरध्वनी केला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. राहिलेल्या गोळ्या भरून काढावयाच्या नाहीत, एका वेळी दुप्पट तर कधीच घ्यावयाच्या नाहीत. आज सकाळपासून ठरल्या वेळी, पोटभर खाऊन, नेहमीच्याच मात्रेने पुढे चालावे. आणि उलट्या, जुलाब किंवा ताप यांपैकी काहीही दिसले तर दसऱ्याची वाट न पाहता निघून यावे.

सूनबाईने रताळी उकडली, दूध तापविले, राजगिऱ्याचे दोन लाडू ठेवले. मी ताट घेऊन तिच्यापुढे बसलो आणि ते वचन अर्थासह सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले, रताळ्याचा एक घास घेतला आणि म्हणाली, "हे प्रतिपदेला का नाही सांगितलंत?"

वाचकहो, या प्रश्नाला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. हा लेख लिहिण्याचे कारण तोच प्रश्न आहे.

औषधाचा काळ

औषध केव्हा घ्यावे आणि जेवणाशी त्याचा संबंध काय, हा विचार आपल्याला नवा नाही. सुश्रुत आणि वाग्भट या दोघांनीही औषध घेण्याचे दहा काळ सांगितले आहेत. वाग्भटांच्या यादीत रिकाम्या पोटी, जेवणाच्या आरंभी, मध्ये, शेवटी, दोन घासांच्या मधे, घासाघासाबरोबर, पुनःपुन्हा, अन्नात मिसळून, जेवणाच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा, आणि रात्री झोपताना, असे हे दहा काळ आहेत. आजच्या गोळ्यांनाही असाच आपापला काळ आहे आणि तो प्रत्येकीचा निराळा आहे. शेजारणीची गोळी आणि आपली गोळी एकाच रोगासाठी असली तरी त्यांचा नियम एक असेलच असे नाही.

लेट्रोझोल आणि टॅमॉक्सिफेन या गोळ्या दररोज घ्यावयाच्या असतात. त्या जेवणाआधी घेतल्या काय किंवा नंतर घेतल्या काय, चालते. वेळ तेवढी रोजची एकच असावी. म्हणून उपवासाच्या दिवशीही त्या पाण्याबरोबर निःशंकपणे घ्याव्यात. पालबोसिक्लिब एकवीस दिवस घेऊन सात दिवस थांबावयाचे असते. त्याची कॅप्सूल अन्नाबरोबरच घ्यावी लागते, गोळीच्या रूपातील औषधाला मात्र ते बंधन नाही. तेव्हा आपल्या डब्यातील औषध कोणत्या रूपातील आहे हे आधी पाहून घ्यावे. रायबोसिक्लिबचाही क्रम एकवीस आणि सात दिवसांचाच, पण ते जेवणावर अवलंबून नाही. अबेमासिक्लिब रोज दोन वेळा, खंड न पाडता घ्यावयाचे असते. लॅपाटिनिबचा नियम या सर्वांच्या उलट आहे. ते पोट रिकामे असताना, जेवणाच्या निदान एक तास आधी किंवा एक तास नंतर घ्यावे लागते. एवढ्यावरून लक्षात येईल की "गोळ्या संध्याकाळी फराळानंतर एकदम घेऊन टाकते" हा घरगुती तोडगा एका औषधाला कदाचित चालेल, पण दुसऱ्याला घातक ठरेल.

पपनसाविषयीही सांगितले पाहिजे. नवरात्राच्या सुमारास ते बाजारात येते आणि उपवासाला आवडीने खाल्ले जाते. ग्रेपफ्रूट या परदेशी फळाचे ते भावंड. या फळांतील काही द्रव्यांमुळे औषधाचा निचरा करणारी शरीरातील यंत्रणा मंदावते आणि पालबोसिक्लिब, रायबोसिक्लिब, लॅपाटिनिब यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण नको तेवढे वाढू शकते. यास्तव अशा गोळ्या चालू असलेल्या भगिनींनी पपनस देवीला वाहावे. स्वतः खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

क्रम बदलणे म्हणजे हार नव्हे

आमच्या घरी दुसरे नवरात्र आले तेव्हा आम्ही शहाणे झालो होतो. पितृपक्षातच पंचांग घेऊन डॉक्टरांकडे गेलो. घटस्थापना कोणत्या दिवशी, दसरा कोणत्या दिवशी, गोळ्यांचा पहिला दिवस कोणता, हे सारे त्यांच्यापुढे मांडले. मला वाटले होते, ते हसतील किंवा रागावतील. त्यांनी दोन्ही केले नाही. पंचांग हातात घेतले, रक्ताचा अहवाल पाहिला आणि म्हणाले, "पुढचा फेरा दोन दिवस उशिरा सुरू केला तर बिघडत नाही. विश्रांतीचे बहुतेक दिवस नवरात्रात येतील. मात्र हा बदल मी करतो आहे, तुम्ही नव्हे. पुढच्या वेळीही विचारूनच करा."

त्या दिवशी त्यांनी जे समजावून सांगितले ते प्रत्येक घराने ऐकण्याजोगे आहे. रोग शरीरात पसरल्यावर उपचारांचा हेतू बदलतो. तो समूळ नाहीसा करण्यापेक्षा त्याला जास्तीत जास्त काळ आवरून धरणे आणि तो काळ माणसाला सुखाने जगता येणे, हा हेतू असतो. हे औषध महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावयाचे असते. म्हणून ते अंगाला पेलले पाहिजे. तळहात सोलवटले, तोंड आले, जुलाब थांबेनात, पांढऱ्या पेशी घटल्या, तर डॉक्टर मात्रा कमी करतात, काही दिवस थांबवितात किंवा क्रम बदलतात. पालबोसिक्लिबची मात्रा १२५ मिलिग्रॅमवरून १००, आणि लागल्यास ७५ करण्याची पायरी औषधाच्या नियमातच आखून दिलेली आहे. कॅपेसिटाबिनच्या बाबतीत अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष २०२३ साली जाहीर झाले. चौदा दिवस गोळ्या आणि सात दिवस विश्रांती या जुन्या क्रमाशी, सात दिवस ठरावीक मात्रेच्या गोळ्या आणि सात दिवस विश्रांती या क्रमाची तुलना त्यात केली होती. रोग आवरण्याच्या बाबतीत दोन्ही गट सारखेच ठरले आणि दुसऱ्या गटात हातापायांचा, तोंडाचा व जुलाबाचा त्रास कमी झाला.

पुढे तळहातांना भेगा पडून तिला फुलेही वेचता येईनात, तेव्हा डॉक्टरांनी आमच्या घरीही सात आणि सात दिवसांचाच क्रम लावून दिला. पहिल्या दिवशी ती खिन्न होती. गोळ्या कमी झाल्या म्हणजे डॉक्टरांनी आशा सोडली, असा तिचा समज झाला होता. असा समज कोणाही भगिनीने करून घेऊ नये. तंबोऱ्याची तार अधिक ताणली तर तुटते, सैल सोडली तर वाजत नाही. ती जुळविणाऱ्याला खुंटी पिळावी लागते तशी कधी उलटही फिरवावी लागते.

मात्र डॉक्टरांनी क्रम बदलणे आणि आपण मनानेच गोळी टाळणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डॉक्टर रक्त पाहून बदल करतात. आपण टाळतो तेव्हा औषधाचा गुण येत नाही की ते पोटातच गेले नाही, हे त्यांना कळत नाही, आणि चांगले लागू पडणारे औषध निष्फळ समजून बदलले जाण्याचा धोका उरतो. व्रतासाठी गोळी टाळणे जसे घडते, तसेच खर्चासाठी टाळणेही घडते. गोळी महाग म्हणून एक दिवसाआड घेणाऱ्या माउल्या मला भेटल्या आहेत. त्यांना सांगणे हे, की संकोच न धरता डॉक्टरांना सांगा. पालबोसिक्लिबच्या मूळ कंपनीचे भारतातील एकस्व जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि त्यानंतर इतर कंपन्यांची तीच औषधे पुष्कळ कमी किमतीत मिळू लागली आहेत. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतही कर्करोगावरील उपचारांचा समावेश आहे.

वेदना हे तप नव्हे

मणक्यांत किंवा हाडांत रोग गेला की वेदना येतात. नवरात्रात ही वेदना देवीच्या चरणी अर्पण करावी, जागरणाच्या रात्री वेदनाशामक घेऊ नये, अशी समजूत काही घरांतून मी ऐकली आहे. त्या आठ गोष्टींत औषध आहे. त्यात वेदनेवरील औषध वगळावे असे कोठेही म्हटलेले नाही.

मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी आणि सावकाश विरघळणारी गोळी दर बारा तासांनी देतात. कळ येईपर्यंत थांबून ती घ्यावयाची नसते. कळ येऊच नये म्हणून घड्याळाप्रमाणे घ्यावयाची असते. मध्यरात्री उठावे लागू नये म्हणून साध्या गोळीची झोपतानाची मात्रा डॉक्टर कित्येकदा वाढवून देतात. जागरण करावयाचे असेल तर त्या रात्रीच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. आपल्याकडे गोळी खलात घोटून मधातून देण्याची चाल आहे. सावकाश विरघळणारी गोळी अशी कदापि घोटू नये. बारा तासांचे औषध एकाच वेळी अंगात उतरते आणि ते प्राणावर बेतू शकते. कॅपेसिटाबिनही फोडू वा कुटू नये. मॉर्फिनने मलावरोध होतो, म्हणून त्याबरोबर रेचक दिलेले असते. उपवासात पाणी कमी पडले तर हा त्रास दुणावतो, आणि याच एका कारणाने पुष्कळजणी मॉर्फिन सोडून देतात. तेव्हा निर्जल व्रत अशा भगिनींनी करूच नये. पाणी तर त्या आठांत पहिलेच आहे.

मॉर्फिन मिळण्यातील अडचणी दूर व्हाव्यात म्हणून २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे परिहार सेवा केंद्र चालू आहे. तेथे कर्करोगाच्या रुग्णांची वेदना शमविण्याचे काम विनामूल्य होते.

नऊ दिवसांतील सावधगिरी

उपचारांत रक्तातील पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात तेव्हा साधा तापही साधा राहत नाही. अंगातील उष्णता १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक भरली तर आरती अर्धी सोडून रुग्णालय गाठावे. अशा दिवसांत देवीच्या गर्दीत जाणे टाळावे. पंचामृताचे दूध तापवून निवविलेले असावे. भगर किंवा तिचे पीठ जुने, उघडे, बुरशीचा वास येणारे असेल तर टाकून द्यावे. भगरीने विषबाधा झाल्याच्या वार्ता नवरात्रात आपण वाचतोच.

कॅपेसिटाबिन घेणाऱ्यांच्या तळपायांची त्वचा लाल होऊन सोलवटते. त्यांनी मोहट्याच्या वाटेवर किंवा अन्यत्र अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये आणि बोलला असेल तर तो प्रतिनिधीकडून फेडावा. पाठीच्या मणक्यांत किंवा मांडीच्या हाडात रोग असेल तर जड कळशी उचलणे, फेर धरून नाचणे, तासन्‌तास उभे राहणे टाळावे. देवीपुढे पाटावर बसून म्हटलेली आरतीही तिला पोहोचते.

वही सांभाळणारा हात

हे सारे लक्षात कोणी ठेवावयाचे? रुग्णाने एकटीने नव्हे. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. खेड्यातील, फारसे न शिकलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्यसेविका केले आणि त्या स्त्रियांनी गावेच्या गावे सांभाळून दाखविली. जामखेडच्या पलीकडे, सोलापूर जिल्ह्यातील बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथे कर्करोगाचे रुग्णालयही आहे. खेड्यातील घराला हे जमत नाही, असे म्हणण्यास आपल्याला जागा उरलेली नाही. एक वही, एक दिनदर्शिका आणि नजर ठेवणारे एक माणूस, एवढे पुरेसे असते.

आमच्या घरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत गोळ्यांच्या दिवसांभोवती नातू तांबड्या शाईने वर्तुळ काढतो. त्याच पानावर एकादशी, चतुर्थी आणि घटस्थापनाही असते. ज्या तारखेवर दोन्ही एकत्र येतात तिच्याविषयी आम्ही आधीच विचारून घेतो. नवरात्रापूर्वी आठ-दहा दिवस डॉक्टरांपुढे चार प्रश्न ठेवावेत. यांतील कोणती गोळी अन्नाबरोबर आणि कोणती रिकाम्या पोटी? उपवासाच्या कोणत्या पदार्थांनी ते अन्न पुरे होईल? फेऱ्याचा दिवस हलविता येईल काय? आणि एखादी मात्रा राहिली अथवा उलटून पडली तर काय करावे? उत्तरे त्याच वहीत उतरून घ्यावीत. आणि एखाद्या दिवशी चुकलेच, तर लपवू नये. चूक सांगणाऱ्या सुनेला, लेकीला वा सासूला घरातील कोणी बोलू नये.

मोठ्यांकडे माझे एक विशेष मागणे आहे. आजारी सून किंवा पत्नी आपणहून कधीच विचारणार नाही. घराण्याचे व्रत आपल्या आजारपणाने खंडित झाले, हा बोल तिला नको असतो. तेव्हा संकल्पाच्या आधी सासूबाईंनी, श्वशुरांनी, पतीने स्वतः होऊन सांगावे, की औषध आणि त्याबरोबरचे अन्न याने व्रत मोडत नाही. संकल्प करताना आपण देश, काल उच्चारतो आणि यथाशक्ती हा शब्द म्हणतो. तो शब्द कोणासाठी ठेवला आहे?

आता प्रतिपदेच्या कीर्तनात पूर्वरंगातच मी त्या आठ गोष्टी सांगतो. गेल्या खेपेस कीर्तन संपल्यावर एक वृद्ध बाई मागे थांबली. तिची सून गोळ्या दुधाच्या डब्यामागे लपवून ठेवीत होती. बाई म्हणाली, "महाराज, मी तिला म्हटलं होतं, नऊ दिवस नको गं ते. आता जाऊन सांगते." आणि ती चप्पलही न घालता घाईने निघाली.

आमच्या घरी आता नवरात्राचा उपवास थोरला मुलगा आईच्या वतीने करतो. ती दूध, फळे, कंद आणि दिवसातून एकदा धान्य घेते. गोळ्यांचे दिवस आले तर सकाळी आठ आणि सायंकाळी आठ, या वेळा पूजेच्याही आधी ठरतात. पूर्वी घरातील आरती दिवेलागणीला होई. आता ती साडेआठला होते. आधी तिचे खाणे, मग गोळ्या, मग सूनबाईची वहीतील खूण, आणि मग घंटा. आरती उशिरा झाली म्हणून घटातील धान्य उगवायचे राहिले नाही.